इंजिनाचे घर : लघुरूप लोको शेडच्या बांधणीविषयी

आगगाडीची लहानशी प्रतिकृती रुळांवरून फिरू लागली की लहानथोर सारेच क्षणभर थबकतात. गाडी थांबल्यावर तिचे इंजिन कोठे जाते, हा प्रश्न मात्र मोठ्यांना सहसा सुचत नाही. मुलांना तो हमखास सुचतो. इंजिन जाते ते आपल्या घरी, म्हणजे लोको शेडमध्ये. या शेडची लघुप्रतिकृती संचातील सुट्या भागांपासून कशी उभारतात, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. डॉक्टर मंडळींच्या स्मरणिकेत मधुमेह, रक्तदाब आणि लसीकरणाच्या पंक्तीत हा विषय काहीसा अवचित वाटेल. परंतु गेली काही वर्षे रात्रीचा अर्धा-पाऊण तास मी या छंदाला देत आलो आहे. त्यातून हाताला, डोळ्याला आणि मनाला जे मिळाले ते आपणांपुढे ठेवावेसे वाटते. शिवाय सुरतेतील मराठी माणसाचे रेल्वेशी असलेले नाते तसे जुनेच आहे.

मुंबई, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा पहिला लोहमार्ग १८६० मध्ये अंकलेश्वर ते उत्राण असा सुरू झाला. उत्राण म्हणजे तापीच्या पलीकडचा काठ. पुढे १८६४ मध्ये सुरत मुंबईला जोडले गेले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ताप्ती व्हॅली रेल्वेने सुरतहून नंदुरबारमार्गे अमळनेरपर्यंत रूळ नेले आणि खानदेश सुरतेच्या दाराशी आला. उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या भागांत आज जी मराठी वस्ती दिसते, तिच्यातील कितीतरी कुटुंबे याच मार्गाने यंत्रमागांच्या आधारे येथे आली. म्हणून शेडची प्रतिकृती ही आपल्याकरिता निव्वळ खेळण्यातील वस्तू राहत नाही.

शेडमध्ये काय चालत असे?

संच उघडण्यापूर्वी मूळ इमारतीचे काम समजून घेणे अगत्याचे आहे. वाफेचे इंजिन हे बटण दाबताच सुरू होणारे यंत्र नव्हते. थंड बॉयलर पेटवून त्यात पुरेसा दाब निर्माण होण्यास कित्येक तास लागत. फेरी संपवून आलेल्या इंजिनाची आग खाली पाडावी लागे, राख काढावी लागे, धूम्रपेटीतील काजळी उपसावी लागे. मग कोळसा, पाणी आणि चाकांनी रुळांवर पकड घ्यावी म्हणून कोरडी वाळू भरावी लागे. ठरावीक दिवसांनी बॉयलर पूर्ण थंड करून त्यातील गाळ आणि क्षार धुऊन काढले जात. ही सर्व कामे शेडमध्ये आणि तिच्या आवारात होत.

इमारतीचा प्रत्येक अवयव या कामांतून घडला आहे. दोन रुळांमध्ये लांबच लांब खड्डा असतो, कारण इंजिनाचे पोट खालून तपासावे लागते. छपराच्या माथ्यावर धूर बाहेर जाण्यासाठी उभट धुराडी किंवा उघडी फट असते. काजळीने आतील उजेड मंदावतो, म्हणून खिडक्या उंच आणि मोठ्या ठेवतात. बाहेर कोळशाचा ओटा आणि पाण्याचा वळता नळ असतो. मोठ्या शेडजवळ इंजिनाचे तोंड फिरवण्यासाठी चक्राकार टर्न टेबलही असे.

या इमारतीत माणसांची एक उतरंडही होती. मुलगा क्लीनर म्हणून लागे, इंजिने पुसता पुसता फायरमन होई आणि वर्षानुवर्षांच्या अनुभवानंतर ड्रायव्हर. मध्यरात्री ड्यूटीचा निरोप घेऊन घराघरांत जाणारा कॉलबॉय हाही शेडचाच माणूस. आपल्या निवासी डॉक्टरांना रात्री उठवणाऱ्या वॉर्डबॉयची आठवण व्हावी, असेच हे काम होते!

भारतात ब्रॉडगेजवरील वाफेच्या इंजिनांची नियमित सेवा १९९५ च्या अखेरीस थांबली. भुसावळला आणि आपल्या शेजारी वलसाडला आजही शेड आहेत. परंतु त्या विद्युत इंजिनांच्या. त्यांत राख नाही आणि धुराडीही नाहीत. हरियाणात रेवाडी येथील १८९३ ची शेड मात्र जतन केली असून तेथे वाफेची इंजिने अद्याप पाहावयास मिळतात.

प्रमाणाचा हिशेब

लघुरेल्वेच्या जगात सर्वाधिक प्रचलित प्रमाण म्हणजे १ : ८७, यास ‘एचओ’ म्हणतात. ब्रिटनमध्ये सुमारे १ : ७६ हे ‘ओओ’ प्रमाण रूढ आहे, तर जागा अगदी कमी असल्यास १ : १६० चे ‘एन’ प्रमाण वापरतात. १ : ८७ मध्ये साडेपाच फुटांचा माणूस दोन सेंटिमीटरांहून किंचित कमी भरतो, सहा मीटर उंचीची भिंत सुमारे सात सेंटिमीटरांची होते आणि २१.३ मीटर लांबीचा आपला नेहमीचा जुना निळा डबा साडेचोवीस सेंटिमीटरांचा होतो. दोन इंजिने एकामागे एक उभी राहतील अशी शेड करावयाची, तर अभ्यासाच्या टेबलाचा बराच भाग तीच व्यापणार, हे आधीच ध्यानात घ्यावे.

येथे भारतीय हौशी माणसापुढे एक अडचण उभी राहते. एचओचे रूळ १६.५ मिलिमीटर अंतराचे असतात, कारण युरोप-अमेरिकेतील १४३५ मिलिमीटरच्या मार्गाला ८७ ने भागल्यास तेवढेच उत्तर येते. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. म्हणजे प्रतिकृतीत तो १९ मिलिमीटरांहून थोडा अधिक हवा. तसे रूळ बाजारात तयार मिळत नाहीत. त्यामुळे भारतीय इंजिनाची प्रतिकृती बहुधा अरुंद रुळांवरच चालवावी लागते. गंमत अशी की आपल्या जवळचा बिलिमोरा-वघई हा ७६२ मिलिमीटरचा नॅरोगेज मार्ग घेतल्यास उत्तर पावणेनऊ मिलिमीटर येते आणि एन प्रमाणाचे नऊ मिलिमीटरचे तयार रूळ त्यास जवळजवळ चपखल बसतात. सुरतेच्या माणसाने अचूकतेचा आग्रह धरायचा, तर डांगच्या जंगलाकडे जाणारी ती छोटी गाडी त्याने निवडावी.

वैद्यकाच्या पहिल्या वर्षातील विद्यार्थ्यांना हा हिशेब मी आवडीने सांगतो. लांबी ८७ पट घटली की पृष्ठफळ सुमारे साडेसात हजार पट आणि घनफळ साडेसहा लाख पटींहून अधिक घटते. सर्व मोजमापे एकाच वेगाने लहान होत नाहीत. मूल म्हणजे प्रौढाची लघुप्रतिकृती नव्हे, हे आमच्या शाखेचे पहिले सूत्र याच गणितावर उभे आहे. नवजात अर्भकाचे वजनाच्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळ प्रौढाच्या जवळजवळ तिप्पट असते. म्हणूनच ते इतक्या झटकन थंड पडते. संच बनवणाऱ्यांनाही हेच भोवते. छपराचा एक मिलिमीटर जाडीचा पत्रा प्रमाणात केसाहूनही बारीक होईल आणि हात लावताच मोडेल. म्हणून तो जाड ठेवावा लागतो आणि पागोळीची कड तेवढी घासून पातळ दाखवतात.

संचाची निवड

संच प्रामुख्याने तीन प्रकारचे असतात. पहिला छापील पुठ्ठ्याचा. ब्रिटनमधील मेटकाफ कंपनीचे असे संच प्रसिद्ध आहेत. हे स्वस्त असून रंगकाम लागत नाही. नवशिक्याने येथूनच श्रीगणेशा करावा. परंतु सुरतेच्या पावसाळ्यात पुठ्ठा ओल धरतो आणि वाकतो, म्हणून आतून काड्यांचा आधार द्यावा आणि काम दिवाळीनंतर हाती घ्यावे. दुसरा प्रकार साच्यातून काढलेल्या प्लॅस्टिकचा. जर्मनीच्या फॉलर कंपनीचे संच या वर्गातले. यांत विटांच्या ओळी, दाराच्या बिजागऱ्या, पन्हाळी सारे उठावदार असते. तिसरा प्रकार लेसरने कापलेल्या लाकडी किंवा एमडीएफ तुकड्यांचा. आता त्रिमितीय मुद्रणाने हवा तो भाग घरच्या घरी घडवणारी तरुण मंडळीही आहेत. पुढील विवेचन प्लॅस्टिकच्या संचाविषयी आहे.

अवजारे थोडी लागतात : बारीक तोंडाचा कटर, धारदार सुरी, पोलादी पट्टी, लहान गुण्या, चारशे आणि सहाशे नंबरचा पॉलिश पेपर, चिमटा, रबरबँड आणि कपडे वाळत घालण्याचे चिमटे. आमच्या वयाच्या मंडळींना भिंगाचा दिवा लागतो. चाळिशी लागण्याचे वय मागे पडले की नुसत्या चष्म्याने भागत नाही!

बांधणीचा क्रम

प्रथम सूचनापत्र अथपासून इतिपर्यंत वाचावे. सर्व भाग चौकटीला जोडलेले आणि क्रमांक दिलेले असतात. लागतील तेव्हाच ते कापावेत, अन्यथा डावी भिंत कोणती आणि उजवी कोणती हे कळेनासे होते. भाग ओढून तोडू नये. थोडा देठ ठेवून कापावा आणि उरलेला देठ सुरीने व पॉलिश पेपरने घासून काढावा.

त्यानंतरची पायरी सर्वांत मोलाची : चिकटवण्यापूर्वी भाग कोरडेच जुळवून पाहणे. चारही भिंती रबरबँडने बांधून उभ्या कराव्यात, गुण्याने कोपरे तपासावेत, छप्पर वर ठेवून पाहावे आणि आपल्याकडील सर्वांत लांब व उंच इंजिन दारातून आत-बाहेर करून बघावे. रूळ वळणावरून येत असतील तर इंजिनाचे टोक बाजूला झुकते आणि दाराच्या खांबास लागते. ते याच वेळी कळते. शस्त्रक्रियेआधी सर्जन क्ष-किरण चित्र पुन्हा एकवार पाहतो, त्यातलाच हा प्रकार.

मग रंग. पुष्कळांना आधी इमारत उभी करावी आणि मागाहून रंगवावी असे वाटते. परंतु छप्पर बसल्यावर आतल्या भिंतीपर्यंत कुंचला पोहोचत नाही. आतील बाजू, खिडक्यांच्या चौकटी आणि दारे ही सुटी असतानाच रंगवावीत. विटांना आधी मंद विटकरी रंग द्यावा. तो वाळल्यावर चुन्यासारखा पातळ पांढुरका रंग फिरवून लगेच कापडाने पुसावा. खाचांत राहिलेला रंग दर्जांसारखा दिसतो. दख्खनचे काळ्या दगडाचे बांधकाम दाखवायचे तर करड्या रंगाच्या दोन-तीन छटा एकेका दगडास वेगवेगळ्या द्याव्यात.

चिकटवण्याचे शास्त्र थोडे समजून घेतले पाहिजे. प्लॅस्टिकचा पातळ सिमेंट हा खरे तर डिंक नव्हे. तो पॉलिस्टायरीनचा पृष्ठभाग विरघळवतो आणि दोन्ही भाग एकजीव होतात. म्हणून जेथे सांधा यायचा तेथील रंग खरवडून काढावा लागतो. भाग एकमेकांशी धरून सांध्यावर कुंचल्याने एक थेंब टेकवावा. केशाकर्षणाने तो आपोआप आत शिरतो. खिडक्यांच्या पारदर्शक पट्ट्यांना मात्र हा द्रव लावू नये, आणि फेविक्विकसारखा सायनोअ‍ॅक्रिलेटही नको, कारण त्याच्या वाफेने त्या धुरकट होतात. तेथे पांढरा फेव्हिकॉलच बरा. तो वाळल्यावर पारदर्शक होतो. सायनोअ‍ॅक्रिलेटचा शोध १९४२ मध्ये हॅरी कूव्हर यांच्या प्रयोगशाळेत लागला आणि त्याच कुळातील पदार्थास जखमेच्या कडा जोडण्यासाठी अमेरिकेत १९९८ मध्ये मान्यता मिळाली, हे आपल्यापैकी अनेकांना ज्ञात असेलच.

भिंतींचे दोन काटकोन आधी जोडावेत, ते रात्रभर वाळू द्यावेत आणि मग त्यांची चौकट करावी. खिडक्या बसवल्यानंतर छप्पर आणि सर्वांत शेवटी पन्हाळी, धुराडी आणि दारे. छप्पर कायमचे चिकटवू नये. आत दिवा बसवायचा किंवा अडकलेले इंजिन काढायचे तर ते उचलता आले पाहिजे. अखेरीस काळ्या खडूची पूड मऊ कुंचल्याने धुराड्यांभोवती आणि दाराच्या माथ्यावर फिरवावी. काजळी चढली की शेड वापरातली वाटू लागते.

परदेशी शेड आपली करताना

विलायती संचातील शेड यॉर्कशायरची किंवा बव्हेरियाची असते. तिला खानदेशात आणायचे तर थोडे फेरफार करावे लागतात. उतरते पाटीचे छप्पर काढून नालीदार पत्रा घालावा, बाजूस पडवी काढावी, आवारात एक निंब आणि पाण्याचा माठ ठेवावा. पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत नाव लिहावे. मी नवापूरचे नाव निवडले. १ मे १९६० रोजी दोन राज्ये झाली आणि सुरत-भुसावळ मार्गावरील या स्थानकातून सीमारेषा गेली. तेथील एका बाकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे. सुरतच्या मराठी माणसाला यापेक्षा जवळचे स्थानक कोणते असणार!

ही शेड माझ्या तपासणीच्या खोलीतील फडताळावर ठेवलेली असते. भुसावळच्या लोकोमध्ये तरुणपण फायरमन म्हणून काढलेले आणि आता लेकाकडे सुरतेस राहणारे एक वृद्ध गृहस्थ नातीला लस देण्यासाठी आले होते. नातीचे रडणे थांबेपर्यंत ते शेडकडे बघत होते. मग म्हणाले, “डॉक्टरसाहेब, शेड तर झकास आहे. पण हिच्यात खड्डा नाही. ड्रायव्हर खालून इंजिन बघणार कसा, अन् आग पाडायची कुठं?” संचाची जमीन खरोखरच सपाट होती, कंपनीने खड्डा दिलेलाच नव्हता. मी त्यांना म्हटले, “काका, तो कसा असायचा ते सांगा, आपण करू.” त्यांनी औषधाच्या चिठ्ठीमागे खड्ड्याचे चित्र काढले : दोन्ही टोकांना पायऱ्या, तळाला पाणी वाहून जाण्यासाठी उतार, बाजूला दिवा ठेवण्याचे कोनाडे.

चित्र काढता काढता त्यांनी नातीला कॉलबॉयविषयी सांगितले. रात्री दोन वाजता सायकलची घंटा वाजे, खिडकीखाली हाक येई, आणि तिची आजी अंधारातच स्टोव्ह पेटवून डबा भरायला घेई. नऊ-दहा वर्षांची ती मुलगी ऐकत राहिली. तिचे वडील दाराशी उभे होते, ते म्हणाले, “बाबांनी हे आम्हांला कधी सांगितलं नाही.” वृद्ध गृहस्थ हसून उत्तरले, “तुम्ही कधी विचारलं नाही.”

पुढील महिन्यात मी तळपाट कापून खड्डा केला. मुलगी तो पाहण्यासाठी मुद्दाम आजोबांना घेऊन आली आणि त्यांनी पायऱ्या मोजून पसंती दिली. संचाच्या सूचनापत्रात नसलेली अशी माहिती आज आपल्याच घरांतील वृद्धांच्या स्मरणात आहे. वाफेच्या इंजिनांवर काम केलेली ही शेवटची पिढी आहे. त्यांना विचारण्यासाठी काही निमित्त हवे असेल, तर टेबलावरची अर्धवट शेड हे उत्तम निमित्त ठरते.

बालरोगतज्ज्ञाच्या नजरेतून

बोट आणि अंगठा यांच्या चिमटीत दाणा पकडण्याचे कौशल्य मुलाला साधारण नऊ-दहा महिन्यांत येते. कात्रीने रेषेवर कापणे चौथ्या वर्षाच्या आसपास जमू लागते. ही कौशल्ये वापराने वाढतात. काच सरकवणारे एकच बोट त्यांना पुरेसे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले आहे की एक वर्षाखालील मुलांना पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांचा असा वेळ तासाभराहून अधिक असू नये. मोबाइल काढून घेताना मुलाच्या हातात दुसरे काही देणेही तितकेच आवश्यक असते. पाच-सहा वर्षांचे मूल पुठ्ठ्याचे भाग जुळवू शकते, आठ-नऊचे रंगवू शकते; धारदार सुरी आणि द्रावक सिमेंट मात्र मोठ्यांच्या देखरेखीखाली बाराव्या वर्षानंतरच द्यावे.

काही सावधगिरी आवर्जून नमूद करतो. तीन वर्षांखालील बालक घरात असेल तर काम बंद खोलीत करावे. सुटे भाग श्वासनलिकेत अडकू शकतात. दिव्यांसाठी वापरली जाणारी बटण बॅटरी अन्ननलिकेत अडकल्यास दोन तासांत गंभीर इजा करू शकते. ती गिळल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट न पाहता त्वरित क्ष-किरण तपासणी करावी. डबे जोडण्यासाठी वापरलेली लोहचुंबके एकाहून अधिक गिळली गेल्यास आतड्याच्या दोन पदरांना चिमटून छिद्र पाडू शकतात. द्रावकाच्या वाफा डोके दुखवतात, म्हणून खिडकी उघडी ठेवावी. फेविक्विकने पापण्या चिकटल्यास ओढून सोडवू नयेत. कोमट पाण्याने भिजवावे आणि नेत्रतज्ज्ञांकडे जावे.

आपल्या व्यवसायबंधूंसाठीही एक सांगणे आहे. दिवसभर आपले हात घाईत असतात आणि प्रत्येक हालचालीवर कोणाचे तरी दुखणे अवलंबून असते. रात्री एखादी खिडकी बसवताना तशी कोणतीही टांगती तलवार नसते. सांधा वाळण्यास बारा तास लागणार असतील तर ते लागतातच. तेथे कोणाचीही ओळख चालत नाही.

जिज्ञासूंनी पुण्यास गेल्यावर कोथरूडमधील कर्वे रस्त्यावरचे जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय अवश्य पाहावे. कै. भाऊसाहेब जोशी यांच्या ध्यासातून साकारलेले हे लघुनगर १ एप्रिल १९९८ रोजी खुले झाले. तेथील गाड्या, सिग्नल, रस्ते आणि रात्रीचे दिवे पाहून घरी परतणारे मूल पहिला संच मागितल्याशिवाय राहणार नाही.

आपल्या मंडळाच्या पुढील कौटुंबिक मेळाव्यात एक टेबल या कामासाठी राखून ठेवावे, अशी माझी सूचना आहे. एक साधा पुठ्ठ्याचा संच, चार मुले आणि रेल्वेत किंवा गिरणीत आयुष्य घालवलेले दोन आजोबा एवढी सामग्री पुरेशी आहे. मुलांनी भिंती उभ्या कराव्यात आणि आत काय चालत असे ते आजोबांनी सांगावे. संच मी घेऊन येईन.